काच जागेवर होती

१४ जून

प्रिय टिल्लू,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर विषय बदलण्यात तू पटाईत, आणि मी मुकाट्याने तुझ्यामागे वाहत जाणारी. पत्रात ती सोय नाही. शिवाय स्क्रीनकडे पाहिलं की डोकं ठणकतं, कागदाचा तसा त्रास होत नाही. तेव्हा तूही कागदावरच लिही आणि अक्षर मोठं काढ. तुझं अक्षर मला दोन डोळे होते तेव्हाही लागत नव्हतं.

घरी नीट पोचले. मावशीने दारातच जवळ घेतलं, मग हनुवटी धरून उजवा डोळा उजेडाकडे करून पाहिला. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे तुझ्या आईला हायसं वाटलं. डावा डोळा झाकला की काय होतं, ते मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते. जिथे बघावं तिथेच भोक पडतं. मावशीचे कान दिसतात, केस दिसतात, खांद्यावरचा पुसायचा टॉवेल दिसतो, आणि मधला चेहरा कोणीतरी खोडरबराने पुसून टाकलेला. जिने मला वाढवलं तिचं नाक कुठे आहे ते मला आठवून बघावं लागतं.

आता कामाचं. चौकशी समितीचा कागद इथल्या पत्त्यावर आला. "सदर कर्मचाऱ्याने लेसरची जुळणी करताना सुरक्षा-गॉगल काढला असावा." असावा! गॉगलचे वळ माझ्या नाकावर कायमचे आहेत, आणि त्या सुरक्षावाल्या बाई "असावा" म्हणून मोकळ्या झाल्या. हा शेरा तसाच राहिला तर कंपनी मला जुळणीच्या टेबलावर परत घेणार नाही. दुसऱ्या कुठे लेसरचं काम मागायला गेले तरी आधी हाच कागद विचारतील. एका डोळ्याने जुळणी करता येते, टिल्लू. निष्काळजी हा शिक्का बसला की दोन डोळ्यांनीही करू देत नाहीत.

मी फेरचौकशी मागितली आहे. त्या वेळी टेबलापाशी आपण दोघंच होतो. तू समितीला एक वाक्य लिहून दे, की ताईच्या डोळ्यांवर गॉगल होता. जे पाहिलंस तेवढंच. जास्त काही नको.

मावशी विचारते, वेळेवर जेवतोस का.

तुझी ताई

२ जुलै

प्रिय ताई,

बघ, अक्षर कसं काढलंय. दुकानाच्या पाटीसारखं. या मापाने लिहीत राहिलो तर पगार कागदातच जायचा.

तुझ्याशिवाय इथे सगळा आनंदीआनंद आहे. आपला हिरवा लेसर नाचतोय. क्रिस्टलमध्ये शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड अगदी शहाण्यासारखा, सरळ, शांत. पलीकडून हिरवा होऊन निघाला की त्याच्या अंगात येतं, घटकेत जोरात, घटकेत मंद. डोळ्यांच्या इस्पितळांना द्यायची यंत्रं खोळंबली आहेत. डोळ्याच्या पडद्यावर ठिपका मारायचा तर डॉक्टरांना मोजूनमापून उजेड लागतो, असला लहरी चालत नाही, हे मी तुला काय सांगणार. क्रिस्टल तापवायचा ओव्हन वर नेऊन पाहिला, खाली आणून पाहिला. एकदा वाटलं जमलं, आणि चहा पिऊन येईतो परत ये रे माझ्या मागल्या. तू नक्की काय करायचीस? मोठे साहेब रोज येऊन माझ्या मानेवर श्वास सोडतात. टेबल तात्पुरतं माझ्याकडे दिलंय. तुझंच आहे ते, तू आलीस की मी उठेन.

तू म्हणतेस त्या वाक्याचं. ताई, मी त्या क्षणी मीटरकडे बघत होतो, तुझ्याकडे नाही. न पाहिलेलं कसं लिहून देऊ? आणि समजा दिलं, तर बाई पुढचा प्रश्न विचारणारच. समितीने येऊन पाहिलं तेव्हा यंत्राच्या तोंडाशी असते ती फिल्टरची काच जागेवर होती. काच जागेवर, गॉगल डोळ्यांवर, मग डोळ्याला झालं काय? मी त्यावर काय बोलू? उलट तुझीच बाजू लंगडी पडेल. थोडा धीर धर. साहेबांच्या मनात तुझ्याबद्दल काही वाईट नाही.

आईला हे समितीचं वगैरे सांगू नकोस. ती उगाच जिवाला घोर लावून घेते. जेवतो म्हणून सांग.

तुझा टिल्लू

२० जुलै

प्रिय टिल्लू,

बाईंचा पुढचा प्रश्न चांगला आहे. मी तोच घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंच्या खोलीत आपलं यंत्र आहे. मी ओळखलं, कारण पुढच्या टोपणावर माझ्या स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा आहे. मी जुळवलेल्या यंत्रासमोर मला हनुवटी टेकवून बसवलं. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाल्या, याला लेसर मारून उपयोग नाही, जिथे मारायचा तोच मधला भाग जळला आहे. मग त्यांनी विचारलं, "लागलं तेव्हा हिरवा झगझगाट दिसला होता?" मी म्हटलं, काहीच दिसलं नाही. दुखलंही नाही. त्या म्हणाल्या, "मग हिरवा नव्हता. हिरवा असता तर तुमची पापणी आपोआप मिटली असती."

इतके दिवस मला हे सुचलं नाही, याची मला लाज वाटते. तुला आठवतं, मी मावशीला एकदा आपलं काम समजावून सांगत होते? न दिसणाऱ्या उजेडाचे दोन कण क्रिस्टलमध्ये एकत्र येतात आणि त्यांचा मिळून हिरव्याचा एक होतो. ती म्हणाली होती, "म्हणजे तुम्ही दोघं. वेगवेगळे असता तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एकत्र आलात की घर डोक्यावर घेता." पण सगळ्यांची जोडी जमत नाही. उरतो तो इन्फ्रारेड हिरव्याच्या मागोमाग त्याच वाटेने बाहेर पडतो. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून डोळा त्याच्यापासून स्वतःला वाचवत नाही. त्याला अडवायला पुढे फिल्टरची काच. आणि आपला रोजचा गॉगल फक्त हिरवा अडवतो. इन्फ्रारेड त्यातून आरपार जातो. म्हणूनच काच काढून काम करायचं असेल तर तो दुसरा, जड गॉगल घालायचा आणि स्टँडवर लाल फडकं टाकायचं, हा नियम मी केला होता. मावशीच्या जुन्या पडद्यातून कापलेलं फडकं. तू त्याला टेबलाचं लंगोट म्हणायचास.

म्हणजे माझ्या डोळ्यावर गॉगल होता आणि तरी डोळा गेला, याचा अर्थ एकच निघतो. काच जागेवर नव्हती.

त्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचे पाहुणे यायचे होते. साहेब सकाळी म्हणाले होते, पाहुण्यांसमोर टेबलावर चिंध्या दिसता कामा नयेत. तू उरलेला इन्फ्रारेड मोजत बसला होतास, आपल्या पद्धतीत त्यासाठी काच काढावीच लागते. मग मला हाक मारलीस, शेवटचा हात तू फिरव म्हणून. स्टँडवर फडकं नव्हतं. फडकं नाही म्हणजे काच आहे, असं मी धरून चालले, कारण तो नियम आपल्या दोघांचा होता. पान्ह्याच्या चकचकीत दांड्यावरून उलटून इन्फ्रारेड डोळ्यात आला असणार. समोरचं धुरकट दिसायला लागलं, म्हणून मी डोळ्यावर पाणी मारायला बेसिनवर गेले. परत आले तेव्हा तू काच बसते ते पुढचं टोपण आवळत होतास आणि म्हणालास, "चहा घे, बरं वाटेल." मी चहा घेतला.

टिल्लू, घाईत राहून गेलं असेल. माझ्या हातूनही राहू शकलं असतं. मला तुला कुठे उभं करायचं नाही. तू एवढंच सांग, की काच काढलेली होती आणि फडकं टाकायचं राहिलं. तुला बोलणी बसतील, थोडे दिवस घरी बसवतील. घरी बसायला घर आहे, मावशी खूश होईल. माझं मात्र त्यावर सगळं अडलं आहे.

आता तुझा नाचरा हिरवा. हे मी तुझ्या उत्तरासाठी अडवून धरणार नाही. त्या इस्पितळात बाकावर बसलेली माणसं मी पाहून आले आहे.

हिरव्याकडे बघून जुळवू नकोस. भरलेल्या पिंपातून वाटीभर पाणी गेलं तर कळत नाही, पण तळाशी उरलेल्या पाण्यात वाटीभराचा फरक लगेच कळतो. तसा उरलेला इन्फ्रारेड मोज. तो कमीत कमी होतो तिथे हिरवा डोंगराच्या माथ्यावर असतो, आणि माथ्यावर पाऊल थोडं इकडेतिकडे पडलं तरी उंची बदलत नाही. उतारावर उभा राहशील तर तापमानाच्या नखभर फरकाने घसरशील. तू उतारावरच उभा असतोस, कारण तुला घाई असते. ओव्हन एकदा लावलास की हात मागे बांध. आकडा स्थिर झाला म्हणजे क्रिस्टल स्थिर झाला असं नाही. त्याची बैठक पूर्ण तापेपर्यंत दम धर, मग बघ, मग केसभर हलव, मग परत दम धर. सगळं बंद झाकणाखाली. आणि फडकं टाक.

तुझी ताई

३० ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर खूश होशील. हिरवा बसला! सकाळी लावला तो संध्याकाळी बंद करेपर्यंत तसूभर हलला नाही. आत घातलेल्यातलं इतकं हिरव्यात उतरतंय की साहेबांनी मीटर बदलून पुन्हा मोजायला लावलं. सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सगळी यंत्रं रवाना झाली. तुझी आठवण काढली मी, मनातल्या मनात. मोठ्याने काढली असती तर लोकांना वाटलं असतं मी फेरचौकशीच्या वेळी मुद्दाम तुझी भलामण करतोय, आणि ते तुलाच जड गेलं असतं.

फेरचौकशी झाली. मला बोलावलं होतं. काच काढलेली होती का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मला आठवत नाही. ताई, हे खोटं नाही. त्या दिवशी इतकी धावपळ होती की सकाळी काय खाल्लं तेही मला आठवत नाही. तू तुझ्या डोक्यात सगळं सुसंगत लावलं आहेस, पण तूही शेवटी अंदाजच करतेस ना? डॉक्टरांनाही आपल्या टेबलाचं काय कळतं.

आणि विचार कर, मी हो म्हटलं असतं तर दोघंही बाहेर. घरात एकाचा तरी पगार यायला नको? मी आहे तोवर तुला कशाची ददात पडू देणार नाही. टेबल आता कायमचं माझ्याकडे दिलंय. मी नको नको म्हणत होतो.

आईचा फोन आला होता. तू घरी का बसली आहेस म्हणून खोदून खोदून विचारत होती. मग तिला समजेल अशा भाषेत मी सांगून टाकलं. तू विषय काढू नकोस, ती पण काढणार नाही.

तुझा टिल्लू

१२ सप्टेंबर

टिल्लू,

मावशीने विषय काढला. मी ताटं पुसत होते. ती मागून येऊन म्हणाली, "का गं बाळा काढलास तो गॉगल? इतकी शहाणी तू."

तू तिला समजेल अशा भाषेत काय सांगितलंस, ते मला असं समजलं. मी ताट पुसत राहिले. तिला काय सांगायचं होतं मी? तुझा मुलगा खोटं बोलतो? तिने तुला नि मला एका मापाने वाढलं, आणि आता या वयात तिला निवड करायला लावू? तुला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तू निर्धास्त होतास. माझ्या गप्प बसण्यावर तू टेबल मांडून बसला आहेस.

समितीचं उत्तरही आलं. पहिल्याच कागदाची नक्कल, फक्त "असावा"चा "असल्याचे दिसते" झालं आहे. तुला आठवत नाही, याने मला तेवढी बढती मिळाली.

आता इथे चष्म्याच्या दुकानात जाते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते, कानामागच्या दांड्या वाकवते. मालक म्हणतो, हात फार हलका आहे तुमचा, आधी काय करत होतात? मी म्हटलं, घरीच होते.

ददात वगैरे काही नाही. पैसे पाठवलेस तर परत येतील. पुन्हा लिहिणार नाही.

ताई

९ मार्च

प्रिय ताई,

तुझा राग गेला नसणार, मला माहीत आहे. पण ही बातमी तुला कळवल्याशिवाय मला राहवेना, कारण ती खरं म्हणजे तुझ्याचसाठी आहे.

मी यंत्राच्या पुढच्या भागाची रचना बदलली. फिल्टरची काच आता स्क्रूने बसवत नाहीत. ती कायमची चिकटवून टाकायची, अशा गोंदाने की कोणी काढतो म्हटलं तर टोपणच फोडावं लागेल. विसरायला जागाच ठेवली नाही. यापुढे त्या टेबलावर कोणाचाही डोळा जाणार नाही. कंपनीने यंदाचं सुरक्षेचं बक्षीस मला दिलं. भाषण करायला लावलं. मी म्हटलं, आपल्यातल्याच एका व्यक्तीच्या दुःखातून मला हे सुचलं. नाव घेतलं नाही, पण टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच होतीस. सोबत फोटो आहे, आईला दे. हातात ढाल घेतलेला मी, शेजारी साहेब, आणि कडेला त्या सुरक्षावाल्या बाई.

एक अडचण आहे, तू हसशील. काच चिकटवल्यामुळे आता उरलेला इन्फ्रारेड मोजता येत नाही. नवी यंत्रं जुळवताना मला परत हिरव्याकडे बघूनच चाचपडावं लागतं, आणि हिरवा थोडा थोडा नाचायला लागला आहे. यातून काही वाट असेल तर दोन ओळी लिही ना. जुनं सगळं जाऊ दे. तुला बरं वाटावं म्हणूनच मी हे केलं.

तुझा टिल्लू

१७ मार्च

टिल्लू,

पुन्हा लिहिणार नाही म्हटलं होतं. हे पत्र माझं नाही, असं समज. मी फक्त लिहून घेते आहे.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी दुकानात होते. आत जाड काहीतरी लागलं, फोटो असणार म्हणून मावशीने उघडलं. फोटो पाहून तिला आकाश ठेंगणं झालं. शेजारणीला दाखवून आली. हातोडी शोधून पुढच्या खोलीत खिळा ठोकला. मग फोटो लावण्याआधी लेकाने काय लिहिलंय ते बघू, म्हणून बसून तुझं पत्र वाचलं. तुझं अक्षर माझ्यासाठी मोठं काढलेलं होतं, त्यामुळे तिला कुठेच अडलं नाही.

मी आले तेव्हा ती अंधारत चाललेल्या खोलीत दिवा न लावता बसली होती. फोटो मांडीवर पालथा. मी दिवा लावायला गेले तर म्हणाली, थांब. मग विचारलं, काच म्हणजे तीच ना, तू काम करत होतीस तिथली? मी म्हटलं, हो. तो फोनवर म्हणाला तसं, लोकांनी येऊन पाहिली तेव्हा ती जागेवर होती, असंच ना? मी म्हटलं, हो, असंच.

मग म्हणाली, "जी काच कधी निघालीच नव्हती, ती याने चिकटवली कशाला?"

समितीतली शिकलेली माणसं, साहेब, ढाल देणारे, टाळ्या वाजवणारे, इतक्या जणांपैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही. मलाही तुझं पत्र वाचून ते लगेच दिसलं असतं, पण मी गप्प बसले असते, तुला ठाऊक आहेच. मावशीवर तुझा हिशेब चुकला. तिला तू समजेल अशा भाषेत सांगितलं होतंस ना, ते तिला फार नीट समजलं होतं. तिने इतके महिने ते मनात धरलं आणि रोज ताटात वाढावं तसं माझ्या वाट्याला थोडं थोडं टाकलं. का काढलास गं गॉगल. तेवढं तरी सांभाळायचं होतंस. ते सगळं तिला आता एकदम आठवलं असणार, कारण ती उठली, दिवा लावला, माझी हनुवटी धरली आणि दिव्याखाली नेऊन माझा डोळा पाहू लागली. बाहेरून काही दिसत नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी बघत राहिली. तिचा चेहरा मला दिसावा म्हणून मी उजवा डोळा मिटून घेतला. ती रडत होती.

तू विचारलं आहेस म्हणून कामाचंही सांगते. काच न काढता उरलेला इन्फ्रारेड मोजायची वाट आहे, सोपी आहे. तुला सांगणार नाही. कंपनीने विचारलं, लेखी, माझं नाव घालून, आणि तो शेरा मागे घेऊन, तर कंपनीला सांगेन. तोवर तू उतारावर उभा राहा.

फोटो मावशीने ट्रंकेत ठेवला. फाडला नाही, आई आहे ती. खिळा भिंतीत तसाच आहे, येता जाता पदराला, टॉवेलला अडकतो. काढू का विचारलं, तर नको म्हणाली.

दोन ओळी तू लिही म्हणून मी तिच्यापुढे कागद सरकवला होता. तिने पेन उघडलं, परत बंद केलं आणि म्हणाली, माझा प्रश्न तेवढा कळव. तो वर लिहिला आहे. उत्तर मला नको, मी विचारणं केव्हाच सोडलं. पाकिटावर तिचं नाव घाल. आणि अक्षर असंच मोठं काढ, कारण ती मला वाचून दाखवायला देणार नाही म्हणते, स्वतःच वाचणार आहे.

ताई